लिफ्ट आहे, पण चालू नाही: कोल्हापुरातली एक रात्र

गुळपोळी
११ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:१२

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. आत्ता आईच्या गुडघ्याला शेक देऊन आले आणि राग परत उफाळला, म्हणून लिहिते.

आईला अंबाबाईचा किरणोत्सव बघायचा होता. बाबा असताना दोघं कोल्हापूरला जाऊन आले होते, पण नेमके ते दिवस कधी साधले नव्हते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: देऊळ पश्चिमाभिमुख आहे, आणि ९, १०, ११ नोव्हेंबरला मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर. यंदा ९ तारीख रविवारी आली. म्हटलं, शनिवारी जाऊ, रात्री राहू, रविवारी संध्याकाळी किरणं बघून रात्रीच्या गाडीने पुण्याला परत.

खोली ॲपवरून बुक केली. ॲपचं नाव लिहीत नाही, लॉजचंही नाही. मला भांडण लांबवायचं नाहीये. भाडं १०५० रुपये, पैसे तिथे गेल्यावर द्यायचे. फोटोत पांढरीशुभ्र चादर, तिच्यावर टॉवेलचा हंस. खाली लिहिलेलं: गरम पाणी २४ तास, लिफ्ट, मंदिर चालत ७ मिनिटं. आईच्या एका गुडघ्याची वाटी बदललेली आहे, दुसरा वाट बघतोय. शेजारची दुसरी खोली १७०० ला होती, तिथेही लिफ्ट होती. मी म्हटलं, लिफ्ट दोन्हीकडे आहे, मग रात्र काढायला साडेसहाशे जास्त कशाला? हे वाक्य आता मला रोज आठवतंय.

स्वारगेटहून निघालेली गाडी कराडच्या पुढे रस्त्याच्या कामांत अडकत अडकत रात्री पावणेनऊला पोचली. काउंटरवर एक मॅनेजर, मोबाईलवर क्रिकेट. बुकिंग दाखवलं तर म्हणाला, "मॅडम, हा ॲपवाला रेट आपल्याला परवडत नाही. उद्या किरणोत्सव आहे. १६०० होतील, प्लस जीएसटी." मी म्हटलं, बुकिंग कन्फर्म आहे. तो म्हणाला, "मग ॲपवाल्याला फोन लावा." लावला. वीस मिनिटं गाणं वाजलं आणि फोन कट झाला. तोवर आई काउंटरसमोरच्या रेक्झिनच्या सोफ्यावर, जिथून स्पंज बाहेर आलेला होता तो भाग टाळून, बसली होती. मला म्हणाली, "दे गं. रात्रीचं कुठे फिरायचं." १६०० वर १२ टक्के, १७९२ रुपये दिले. पावती म्हणजे वहीतला एक कागद, वर शिक्का.

मग लिफ्ट. दारावर सुतळी बांधलेली. मी विचारलं तर मॅनेजरचं उत्तर शब्दशः देते: "लिफ्ट नाही असं कुठं लिहिलंय? आहे की. चालू नाही." खोली तिसऱ्या मजल्यावर. खालची एखादी द्या म्हटलं, तर सगळ्या भरलेल्या. आईने पायऱ्या मोजल्या. चोपन्न. दर मजल्यावर थांबून, कठडा धरून, एक पाय वर मग दुसरा त्याच पायरीवर.

खोलीचं फार सांगत नाही, सगळ्यांनी अशा खोल्या पाहिल्यात. कुबट वास, त्यावर मारलेल्या मोगऱ्याच्या स्प्रेचा वास, आणि कपाटात डांबरगोळ्या. भिंतीला पलंगाच्या उंचीपर्यंत ओल. खिडकी उघडली तर हात लांब केल्यावर पुढच्या इमारतीची भिंत लागेल इतक्या अंतरावर, मधल्या फटीत कबुतरं. वाघाचं चित्र असलेलं ते राष्ट्रीय ब्लँकेट. हंस नव्हता. टॉवेल होता, त्यावर इस्त्रीचा तपकिरी त्रिकोण आणि कोपऱ्यात नाव भलत्याच एका हॉटेलचं. बाथरूममध्ये गॅस गिझर, झरोक्यावर प्लायवूडचा तुकडा ठोकलेला, त्यामुळे आत गुदमरल्यासारखं होत होतं. कमोडची टाकी रात्रभर गळत होती. पंखा दोनच स्पीडवर चालत होता, बंद आणि हेलिकॉप्टर.

आईने काही न बोलता पिशवीतलं जुनं पातळ काढलं, चौपदरी करून गादीवर अंथरलं, दुसरं उशीला गुंडाळलं आणि झोपली. म्हणजे डोळे मिटून पडली. मी बसूनच होते.

सकाळी तिचा गुडघा सुजला होता. चोपन्न पायऱ्या उतरायला पाऊण तास लागला. दुसरीकडे चार ठिकाणी चौकशी केली, रविवार आणि किरणोत्सव, सगळं फुल. संध्याकाळपर्यंत तिला बसवू कुठे? दहा वाजता आई म्हणाली, "चल घरी." कळसाला लांबूनच हात जोडले आणि आम्ही रिक्षा केली.

कमी पैशात कमी मिळतं, हे मला मान्य आहे. आयुष्यभर एसटी स्टँडसमोरच्या लॉजांत राहिलेली मुलगी आहे मी, बाबांच्या बदल्यांमुळे. बादली फुटकी असली तरी चालते. पण लिफ्ट आहे असं वाचून मी ती खोली घेतली होती. तुमचे अनुभव सांगा, आणि पुढे काय करता येतं तेही.


आडवाटे
११ नोव्हेंबर, रात्री १०:३१

हजार रुपयांत किरणोत्सवाच्या वीकेंडला खोली? मॅडम, तेव्हाच शंका यायला हवी होती. स्वस्त हवं, मस्त हवं आणि देवळाला चिकटून हवं, तिन्ही एकदम नाही मिळत. कटू आहे पण खरं आहे.


गुळपोळी
११ नोव्हेंबर, रात्री १०:३८

आडवाटे, हजार रुपयांत नाही दिली त्यांनी. १७९२ घेतले. शेजारची १७०० ची होती.


बंडू_टिंगळे
११ नोव्हेंबर, रात्री १०:४०

"बंद आणि हेलिकॉप्टर" 😂 आमच्याकडच्या लॉजात तिसरा स्पीड पण असतो, "प्लास्टर पडतंय".

रुमाल टाकून ठेवतो, हा धागा शंभरी गाठणार.


रंकाळाकाठ
११ नोव्हेंबर, रात्री ११:०५

ताई, वाचून लाज वाटली बघा. आमच्या गावाला आईंना घेऊन आलासा आणि कळसाला हात जोडून परत गेलासा, हे काय बरं न्हाई झालं.

आमच्या गल्लीतच असले दोन-तीन नमुने हायत. पूर्वी जुने वाडे होते, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. वाडे पाडून तीन मजली लॉज उभे केले, मधली फट म्हणजे तुमची ती कबुतरांची खिडकी. लिफ्ट लावली ती कागदावर दाखवायला. पण सगळं गाव तसलं न्हाई.

दोन गोष्टी सांगतो. एक, वयस्कर माणूस बरोबर असंल तर देवळाजवळ राहायचा हट्ट सोडा. रेल्वे स्टेशन आणि सीबीएस (मध्यवर्ती एसटी स्टँड) शेजारी-शेजारी हायत, तिथून शाहूपुरीपर्यंत बरी हॉटेलं मिळतात, खोल्या मोकळ्या, आणि रिक्षानं दहा-पंधरा मिनिटांत तुम्ही देवळाजवळच्या बिंदू चौकात. गर्दीच्या दिवशी रिक्षा तशीबी देवळापर्यंत जात न्हाई. देवळापाशीच पाहिजे असंल तर भक्तनिवासाला आधी फोन करून बघायचा, सणावाराला लवकर भरतं.

दुसरी गोष्ट म्हणजे किरणोत्सव वर्षातनं दोनदा असतो. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. आईंना सांगा, अजून संधी हाय.


गुळपोळी
११ नोव्हेंबर, रात्री ११:१९

हे मला खरंच माहीत नव्हतं. नोव्हेंबरचाच ठाऊक होता. आई झोपली आहे, सकाळी सांगते तिला.


पंचांगवाले_काका
१२ नोव्हेंबर, सकाळी ६:२०

किंचित अवांतर. दोन वेळा का, याचं कारण सोपं आहे. सूर्य दक्षिणेकडे जाताना १० नोव्हेंबरच्या आसपास जितका दक्षिणेला असतो, उत्तरेकडे परत फिरताना १ फेब्रुवारीच्या आसपास बरोबर तितकाच असतो, विषुववृत्तापासून साधारण १७ अंश. मध्ये २१-२२ डिसेंबर, म्हणजे सूर्य सगळ्यात दक्षिणेला, तिथून मोजा: दोन्हीकडे ४१-४२ दिवस. मावळतीचा बिंदू क्षितिजावर तोच येतो, म्हणून किरणं त्याच वाटेने आत शिरतात. देऊळ बांधणाऱ्याने हा हिशेब दगडात बसवला आणि आपल्याला चालू लिफ्ट जमत नाही.


हिशेबनीस
१२ नोव्हेंबर, सकाळी ८:४५

गुळपोळी, १२ टक्के? ८ नोव्हेंबरला? २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के झालाय. १६०० वर ८० रुपये होतात, तुमच्याकडून १९२ घेतले. ११२ रुपये वरचे गेले.

आणि ते वहीतलं पान म्हणजे पावती नव्हे. जीएसटी लावायचा तर बिलावर अंक-अक्षरं मिळून १५ खुणांचा जीएसटी क्रमांक हवा. ज्याची नोंदणीच नाही त्याला ग्राहकाकडून जीएसटी मागायचा हक्क नाही. लहान लॉजवाले वर्षाला २० लाखांच्या आत असले तर नोंदणी नसूही शकते, तो गुन्हा नाही; पण मग "प्लस जीएसटी" म्हणायचं नाही. अशा बिननोंदणीच्या लॉजचं बुकिंग ॲपमार्फत झालं, तर त्यावरचा कर ॲपने भरायचा असतो.

पूर्वी, म्हणजे १८ जुलै २०२२ च्या आधी, हजाराच्या आतल्या खोलीला जीएसटी नव्हताच. त्या तारखेपासून १२ टक्के लागला, आता ५ वर आला. काही काउंटरवाल्यांना फक्त वाढ झाल्याचं कळतं, कमी झाल्याचं कळत नाही.

त्या कागदावर जीएसटी क्रमांक आहे का, बघून सांगा.


गुळपोळी
१२ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

नाहीये. शिक्क्यावर फक्त लॉजचं नाव आणि "आपली सेवा हाच आमचा आनंद".


बंडू_टिंगळे
१२ नोव्हेंबर, सकाळी ९:३३

आनंद + १२ टक्के.


निवांत_निरगुडी
१२ नोव्हेंबर, सकाळी १०:५०

सगळे चादर-लिफ्ट-जीएसटीवर बोलताय, पण मूळ पोस्टमधलं एक वाक्य वाचून माझ्या पोटात गोळा आला. बाथरूममध्ये गॅस गिझर आणि झरोका ठोकून बंद! ताई, ते गुदमरणं वासामुळे नव्हतं कदाचित. बंद जागेत गॅस जळला आणि हवा आत-बाहेर झाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला चक्कर येते, डोकं जड होतं, आणि कडी आतून लावलेली असली तर बाहेरच्यांना कळतसुद्धा नाही.

आमच्या ओळखीत असं झालंय. नवीन लग्न झालेला मुलगा, घरच्याच बाथरूममध्ये. त्यापुढे लिहवत नाही.

अशी खोली मिळाली तर गॅस गिझर चालू ठेवून आत आंघोळ करायची नाही. दार उघडं ठेवून बादली भरायची, गिझर बंद करायचा, थोडा वेळ दार तसंच ठेवायचं आणि मग आत जायचं. खरं तर अशी खोली नाकारायचीच.


गुळपोळी
१२ नोव्हेंबर, सकाळी ११:१४

हात थरथरले वाचून. आई सकाळी आत गेली होती आणि बाहेर येऊन म्हणाली, डोकं गरगरतंय. मला वाटलं जागरण. बीपीची गोळी दिली मी तिला.

मी लिफ्टवरून इतकी चिडले होते की हे मला दिसलंच नाही.


अंगणवेल
१२ नोव्हेंबर, दुपारी १:०२

माझा अनुभव ढेकणांचा. गाव सांगत नाही. दोन रात्री राहिलो आणि घरी आल्यावर आठवड्याने मुलाच्या दंडावर एका रेषेत तीन लाल फोड. डॉक्टर म्हणाले डास. माझ्या सासूबाईंनी एका नजरेत सांगितलं, "डास रांगेत चावत नाहीत." मग आमच्या पलंगाच्या फळीच्या खाचेत सापडले. दोन वेळा पेस्ट कंट्रोल, सगळ्या गाद्या बाहेर, दिवाळीच्या तोंडावर.

तेव्हापासून खोलीत शिरले की बॅग आधी बाथरूमच्या फरशीवर ठेवते, पलंगावर नाही. मग चादर कोपऱ्यातून उचलून मोबाईलच्या बॅटरीत गादीची शिवण बघायची, डोक्याकडची फळी भिंतीपासून जरा ओढून मागे बघायचं. शाईच्या पेनने टिंब टिंब काढल्यासारखे काळे डाग दिसले तर खोली सोडायची, काउंटरवर काहीही म्हणोत. नवरा म्हणतो, तू सीआयडीत जा.

घरी आल्यावर कपडे थेट कढत पाण्यात. गुळपोळी, आईंचं ते पातळही.


सहावा_मजला
१२ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

मी सध्या जपानमध्ये आहे. इथल्या स्वस्त बिझनेस हॉटेलात खोली एवढीशी, की सुटकेस उघडली तर दार उघडत नाही. बाथरूम म्हणजे प्लास्टिकचा एक डबा. पण पहिल्यांदा राहिलो तेव्हा संकेतस्थळावर खोलीचं माप चौरस मीटरमध्ये दिलेलं होतं आणि आत गेल्यावर ती तेवढीच निघाली. एवढीशी असल्याची तक्रार करायला जागाच राहिली नाही (दोन्ही अर्थांनी).

स्वस्त म्हणजे लहान, हे मी समजू शकतो. स्वस्त म्हणजे ओलसर, हे समीकरण कुठून आलं?


आडवाटे
१२ नोव्हेंबर, दुपारी ४:०५

आला, जपान आला. धाग्यावर जपान आल्याशिवाय मराठी माणसाला चैन पडत नाही.

बाकी, गॅस गिझरचं वाचून माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. त्या टोनमध्ये लिहायला नको होतं.


चावीवाला
१२ नोव्हेंबर, रात्री ९:५०

वाचनमात्र असतो, आज राहवलं नाही. कोकणात एका समुद्रकाठच्या गावात माझं १४ खोल्यांचं लॉज आहे. शिव्या पडतील हे धरूनच लिहितोय.

पहिलं, "ॲपवाला रेट परवडत नाही" हे कसं होतं. माझं कमिशन २० टक्के जातं. त्यावर ॲप स्वतःहून सवलती लावतं, "मेगा सेल" वगैरे, कधी विचारून, कधी मेल पाठवून, जो मी वाचलेला नसतो. १५०० ची खोली ग्राहकाला १०५० ला दिसते आणि माझ्या हातात साडेआठशेच्या आत येतात. एरवीच्या मंगळवारी मी ते हसत घेतो, रिकाम्या खोलीपेक्षा बरं. पण सुट्टीच्या दिवशी समोर माणूस रोख ३००० घेऊन उभा असतो. मग काही मालक बुकिंगवाल्याला म्हणतात, "सिस्टीमला एरर आहे." एका ३१ डिसेंबरला मीही केलंय. नाशिकचं कुटुंब होतं, लहान मूल होतं. त्यांनी काही वाद घातला नाही, बाई नुसती बघत राहिली. त्यानंतर नाही केलं. गर्दीच्या तारखा आता मी ॲपवर आधीच बंद करून टाकतो. हे दोन मिनिटांचं काम आहे, तुमच्या मॅनेजरला जमत नव्हतं असं नाही.

फोटो. माझे फोटो उद्घाटनाच्या आठवड्यातले आहेत. २०१६. हंस माझ्याकडेही होता. फोटोग्राफरने बनवला, त्यानंतर कोणाला बनवता आला नाही. धागा वाचून आजच नवीन काढायला सांगितलेत, ओलीच्या भिंतीसकट नाही, पण आहेत तसे.

टॉवेलवर दुसऱ्या हॉटेलचं नाव: त्यात बदमाशी नाही. लहान लॉजांचे कपडे एकाच धोब्याकडे किंवा लाँड्रीत जातात, तिथे अदलाबदल होते. माझ्या कपाटात चार हॉटेलांचे टॉवेल आहेत आणि माझे कुठे आहेत, देव जाणे. पण चादरींचं गणित सांगतो. नीट चालवायचं तर एका पलंगाला तीन जोड लागतात: एक अंथरलेला, एक धुवायला, एक कपाटात. दोनच जोड असले आणि पावसाळ्यात लाँड्रीवाला उशीर करू लागला, की रूमबॉय काय करतो? जी चादर "चांगली दिसतेय" ती झटकून उलटी घालतो. म्हणून स्वस्त लॉजात गडद फुलाफुलाची चादर जास्त. पांढरी घातली तर डाग लपत नाही. पांढरी जुनी, विरलेली, रफू केलेली चादर दिसली तर खुशाल झोपा. ती रोज धुतली जाते म्हणूनच विरली आहे. ब्लँकेटबद्दल मात्र मला विचारू नका.

स्प्रेचा वास दारातच आला तर समजावं की खोली तुमच्यासाठी पाच मिनिटांपूर्वी उघडली.

आणि लिफ्ट. लिफ्टचा देखभाल करार दरवर्षी भरावा लागतो, लॉज चालो न चालो. मंदीत पहिला तोच थकतो. सबब देत नाही, फक्त सुतळी कशी बांधली जाते ते सांगतो. ॲपवरून "लिफ्ट"ची खूण काढली की शोधात तुम्ही खाली जाता, म्हणून कोणी काढत नाही.

काय करावं: ॲपवर बघा, पण थेट लॉजला फोन करा. "कुठली खोली देणार, नंबर सांगा, आत्ता व्हिडिओ कॉलवर दाखवा." खोली बरी असेल तर आम्ही आनंदाने दाखवतो, कमिशन वाचतं तर दोन-तीनशे कमीही करतो. जो टाळाटाळ करेल तिथे जाऊ नका.


रंकाळाकाठ
१२ नोव्हेंबर, रात्री १०:१०

खरं बोलायला छाती लागते. मानलं भावा.


निवांत_निरगुडी
१२ नोव्हेंबर, रात्री १०:२२

चावीवाला, तुमच्या बाथरूममध्ये कुठला गिझर आहे?


चावीवाला
१२ नोव्हेंबर, रात्री १०:४१

सोलर. ढग आले की विजेचा. दोन खोल्यांत गॅसचा होता, तो आज दुपारी बाहेर काढून गॅलरीत लावायला माणूस बोलावलाय. तुमचा प्रतिसाद वाचूनच.


कज्जेखोर
१३ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

"पुढे काय करता येतं" याला अजून कोणी हात लावला नाही, म्हणून लिहितो. ग्राहक मंचात बरीच वर्षं काळा कोट झिजवलाय.

आधी ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी मेल. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे त्यांनी ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायला हवी आणि महिन्याभरात निवारण करायला हवं. मेलमध्ये राग नको. तारीख, बुकिंग क्रमांक, कबूल भाडं, घेतलेलं भाडं, लिफ्ट. सोबत स्क्रीनशॉट. ते पान ॲपवरून बदललं जाण्याआधी आज, आत्ता काढून ठेवा. लिफ्टच्या सुतळीचा फोटो आहे का?

मग १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीतून बोलता येतं. तिथे निकाल लागत नाही, पण कंपन्या तिथून आलेल्या तक्रारीला जरा लवकर उत्तर देतात, हा माझा अनुभव.

त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यात एक फार चांगली सोय झाली: तक्रार तुम्ही जिथे राहता तिथे करता येते. कोल्हापूरला खेटे घालायची गरज नाही, पुण्यात चालेल, ऑनलाइनही दाखल होते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षं.

आता प्रामाणिकपणे: सातशे-आठशे रुपयांसाठी तुम्ही किती तारखा घालणार, ते तुम्ही ठरवा. बरेच लोक पहिल्या मेलवर थांबतात आणि लॉजवाले त्याच भरवशावर असतात. गिझरचं मात्र पैशांशी जोडू नका. ते वेगळं, महापालिकेला लेखी कळवा. तिथे आज रात्री दुसरं कोणीतरी कडी लावून आंघोळ करणार आहे.


गुळपोळी
१३ नोव्हेंबर, दुपारी २:१५

सुतळीचा फोटो आहे! चिडून काढला होता, बहिणीला पाठवायला. मेल पाठवला. महापालिकेलाही ऑनलाइन तक्रार टाकली, गिझरची. तिथे लॉजचं नाव लिहिलं, तेवढं आवश्यक होतं.


गुळपोळी
२९ नोव्हेंबर, रात्री ८:३०

अपडेट. ॲपने तिसऱ्या दिवशी पोच दिली (४८ तास कधीच उलटून गेले होते), मग "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल खेद" आणि पुढच्या बुकिंगवर ३०० रुपयांचं कूपन. कूपन सात दिवसांत वापरायचं. मी उत्तर दिलं, कूपन नको, जास्तीचे ७४२ रुपये परत द्या. १९१५ ला फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. नऊ दिवसांनी ७४२ खात्यात आले. खुलासा काही नाही. ॲपवर लॉजच्या पानावर लिफ्टची खूण अजून तशीच आहे, हंसही.

गिझरच्या तक्रारीवर "संबंधित विभागाकडे वर्ग" असं दिसतंय.


रंकाळाकाठ
२९ नोव्हेंबर, रात्री ९:१२

पत्ता मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. देवळापासनं दोन गल्ल्यांवर राहतो. उद्या जाऊन मॅनेजरला त्या प्लायवूडचं विचारतो.


रंकाळाकाठ
१ डिसेंबर, सकाळी ७:५०

गेलतो. प्लायवूड काढलंय म्हणाला. मी म्हटलं, दाखव. वर नेलं, चोपन्न पायऱ्या मी पण मोजल्या. झरोका उघडा हाय. गिझर अजून आतच हाय. परत जाणार.


गुळपोळी
५ जानेवारी २०२६, संध्याकाळी ७:२०

३१ जानेवारी शनिवारी येतेय. आईला विचारलं तर म्हणाली, "तू म्हणतेस तर जाऊ," आणि तासाभराने बघते तर तिने पिशवी काढून ठेवलेली. त्यात ती दोन पातळं आधीच घडी करून.

शाहूपुरीत चार ठिकाणी थेट फोन केले. तिघांनी फोटो पाठवतो म्हणून सांगितलं आणि पाठवले नाहीत. चौथ्या ठिकाणी एका काकांनी उचलला. त्यांना व्हिडिओ कॉल जमेना, शेवटी नातीने लावून दिला. तिने फोन धरून सगळी खोली फिरवली: पांढरी विरलेली चादर, खिडकीबाहेर पेरूचं झाड, बाथरूमचा झरोका, भिंतीवर विजेचा गिझर. पलंगाखालीसुद्धा दाखवलं, मी न विचारता. भाडं १४००, अधिक ५ टक्के.

शेवटी मी विचारलं, "काका, लिफ्ट आहे का?"

काका म्हणाले, "लिफ्ट न्हाई ओ ताई. खोली तळमजल्यावर हाय."